जुलैतला हिशेब

नोकरी सोडून गावी जायचा विचार मुंबई-पुण्यातल्या मालवणी माणसाच्या डोक्यात बहुधा मे महिन्यात येतो. तारकर्लीला संध्याकाळचा वारा सुटलेला असतो, आढीतल्या आंब्यांचा वास घरभर पसरलेला असतो आणि रजा संपायला दोनच दिवस उरलेले असतात. अशा वेळी मोबाइल काढून एक आकडा मांडला जातो. एवढे कोटी जमले की बस्स, राजीनामा. परतीच्या गाडीत कणकवली सुटेपर्यंत तो आकडा पक्काही झालेला असतो.

आकडा मांडायला पाच मिनिटं पुरतात. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं डोकं ठिकाणावर ठेवून काढायची, उतावीळही व्हायचं नाही आणि कंटाळून सोडूनही द्यायचं नाही, हे अवघड. याविषयी जे सांगितलं जातं ते बहुतेक अमेरिकेतून आलेलं असतं. तिथे या वाटेला ‘फायर’ म्हणतात, म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य आणि लवकर निवृत्ती. विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ या १९९२ सालच्या पुस्तकाकडे तिचं मूळ जातं. वस्तूची किंमत पैशांत मोजू नका, ती घ्यायला आयुष्यातले किती तास नोकरीत घालवले ते मोजा, हा त्या पुस्तकाचा गाभा. २०१० नंतर तिकडच्या संगणक क्षेत्रातल्या तरुणांनी ही वाट धरली आणि मागोमाग आपल्या हिंजवडी-बेंगळुरूच्या पोरांनीही.

पण पैसे साठवून गावी परतायचं, हे सिंधुदुर्गाला कोणी शिकवायची गरज नव्हती. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथला पुरुष गिरणीत, गोदीत, पोलिसात नोकरीला जात होता आणि गाव त्याच्या मनिऑर्डरवर चालत होतं. लालबाग-परळला गावकरी मंडळांच्या खोल्या असत. एका खोलीत गावातले वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक, आणि पाळ्या तीन असल्यामुळे एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. पगार झाला की आधी घरची मनिऑर्डर, मग खानावळीचे पैसे, मग मंडळाची वर्गणी. उरलं तर चहा-विडी. बचतीवरची आजची सगळी पुस्तकं पगारातून आधी बचत काढा आणि मग खर्च करा असं सांगतात. चाकरमान्याला ते वेगळं सांगावं लागलं नाही, कारण पोस्टमनची वाट बघणारी माणसं कोण आहेत हे त्याला ठाऊक होतं.

त्याचाही आकडा होता, फक्त तो रुपयांत नव्हता. घर चिरेबंदी करायचं, धाकट्या बहिणीचं लग्न लावायचं, भाटल्यात चार कलमं लावायची. यांतलं एकेक काम उरकलं की ते गावाला दिसायचं आणि खोलीतल्या माणसांना कळायचं. वीस वर्षं एकाच खोलीत, एकाच कारणासाठी काटकसर करणारी वीस माणसं बरोबर असली की उत्साह टिकवायचे निराळे उपाय लागत नाहीत. आजचा फायरवाला रात्री अकराला एकटाच एक्सेल उघडून बसतो. बायको झोपलेली असते. आपल्या साठवणुकीबद्दल तो ऑफिसात बोलत नाही, कारण लोक चिक्कू म्हणतील. गावातही बोलत नाही, कारण लोक उसने मागतील. माझ्या मते बहुतेकांचा धीर इथे सुटतो, गणितात नाही.

चाकरमान्याच्या आयुष्याला सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. कित्येक जण कापसाची धूळ छातीत भरून घेऊन परतले, कित्येक परतलेच नाहीत. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मिटेपर्यंत म्हणून गावी आलेल्यांतले अनेक पुन्हा त्या गेटातून आत गेलेच नाहीत. तेही चाळिशी-पंचेचाळिशीत नोकरीतून मोकळे झाले होते. घर तेच, समुद्र तोच, पण त्याला निवृत्ती म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. आपण सोडणं आणि आपल्याला सोडायला लावणं यांतलं अंतर कोकणातल्या घरांनी इतक्या जवळून पाहिलं आहे, की चांगली नोकरी कोणी आपणहून सोडतो म्हटलं की घरातली म्हातारी अजून दचकतात.

आता आकड्याकडे येऊ. ‘वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट’ हा मंत्र सगळीकडे ऐकू येतो. तो आला कॅलिफोर्नियातले सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ सालच्या एका लेखातून. त्यांनी १९२६ पासूनची अमेरिकन बाजाराची आकडेवारी तपासली. पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढले आणि पुढे दर वर्षी महागाईइतकी वाढ घेत गेलं, तर वाईटातल्या वाईट काळात निवृत्त झालेल्याचीही पुंजी ३० वर्षं पुरली असती, असं त्यांना दिसलं. म्हणजे हे गणित तीस वर्षांचं, साठी-पासष्टीच्या माणसाचं आणि अमेरिकेच्या बाजाराचं. बेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देणाऱ्याला पंचेचाळीस वर्षं काढायची असतात, तीही आपल्याकडच्या महागाईत. म्हणून मी पंचवीसऐवजी तेहतीस पट धरतो. ज्यांना ते भित्रेपणाचं वाटतं त्यांनी खुशाल कमी धरावं.

समजा आजचा घरखर्च महिना ४० हजार आहे. वर्षाचे ४ लाख ८० हजार झाले. त्याची पंचवीस पट १ कोटी २० लाख, तेहतीस पट १ कोटी ५८ लाख. हा आजच्या भावातला आकडा. महागाई ६ टक्के धरली तर पंधरा वर्षांनी तेच घर चालवायला महिना ९६ हजार लागतील आणि तेहतीस पट आकडा ३ कोटी ८० लाखांच्या आसपास जाईल. मे महिन्यात मांडलेल्या आकड्यात ही गोष्ट बहुधा धरलेली नसते. मग सात-आठ वर्षांनी माणसाला वाटतं की आपण पुढे गेलो तसं ठिकाणही पुढे सरकलं. ते सरकलेलं नसतं, पण मनाचा हिरमोड व्हायचा तो होतोच. त्यावर साधा उपाय म्हणजे आकडा रुपयांत ठेवूच नये, वर्षांत ठेवावा. आज आपल्याजवळ किती वर्षांचा खर्च साठला आहे? नऊ वर्षांचा. पुढच्या दिवाळीला दहा वर्षांचा होईल. महागाई वाढली तरी या मापाचा अर्थ बदलत नाही.

किती वर्षं लागतील, हे पगारापेक्षा पगारातला किती हिस्सा उरतो त्यावर ठरतं. महागाई वजा जाता ३ टक्के परतावा धरून मी हिशेब केला. तेहतीस पट गाठायला निम्मा पगार वाचवणाऱ्याला साधारण २३ वर्षं लागतात, दोन-तृतीयांश वाचवणाऱ्याला साडेतेरा, आणि चौथा हिस्सा वाचवणाऱ्याला ४६ वर्षांहून अधिक. म्हणजे चौथा हिस्सा वाचवणारा सर्वांबरोबर साठीला, किंवा त्यानंतरच, निवृत्त होणार. त्याने लवकर निवृत्तीची स्वप्नं बघून रोज स्वतःला त्रास करून घेऊ नये. शिल्लक असलेल्या माणसाला साहेबाला ‘नाही’ म्हणता येतं, आजारी आईसाठी सहा महिने बिनपगारी रजा घेता येते. एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात अवघड असतात ती मधली वर्षं. ८० हजार पगारातून महिना ४० हजार गुंतवणारा माणूस घ्या आणि परतावा सरासरी १० टक्के धरा. त्याचे पहिले ५० लाख जमायला सव्वासात वर्षं लागतात. दुसऱ्या ५० लाखांना सव्वाचार, तिसऱ्यांना तीन, चौथ्यांना अडीचहून कमी. चक्रवाढीचं कौतुक करणारे शेवटचा आकडा दाखवतात. सोडणारे सोडतात ते मात्र चौथ्या-पाचव्या वर्षी, जेव्हा जमलेला बहुतेक पैसा आपल्याच घामाचा असतो आणि व्याजाने अजून फारसा हातभार लावलेला दिसत नाही. त्याच सुमाराला मित्राची नवी गाडी येते, भावकीतला कोणीतरी गावी स्लॅबचं घर बांधतो आणि घरात विचारलं जातं, “आपण नेमके कशासाठी राहतोय असे?”

या काळासाठी मनोनिग्रहाचे धडे फार दिले जातात. मला त्यांत अर्थ वाटत नाही. निग्रहाची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करावी, याला मात्र चांगला आधार आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोघांनी २००४ साली एका अमेरिकन कंपनीतला प्रयोग प्रसिद्ध केला. आज बचत वाढवायला जे कामगार तयार नव्हते, त्यांना तसा आग्रह केलाच नाही. पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला काही भाग आपोआप बचतीत जाईल, एवढ्याला होकार घेतला. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येऊन गेलेला पैसा सोडताना जड जातं, न आलेला सोडताना तितकं जात नाही. दर एप्रिलमध्ये एसआयपी वाढवण्याची सूचना बँकेला आधीच देऊन ठेवली की काम झालं, मग त्यावर विचार करायला नको.

दुसरी व्यवस्था म्हणजे कमी बघणं. कुठलाही एक दिवस घेतला तर बाजार वर असण्याची शक्यता छापा-काट्याहून थोडीच जास्त, दहा वर्षं घेतली तर बरीच जास्त. तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. दोन्ही एकत्र केलं तर रोज सकाळी अॅप उघडणारा माणूस वर्षअखेर फायद्यात असूनही वर्षभर दुःखी असतो. वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि शिमग्यानंतर, बघितलं तर काय बिघडतं?

तरीही धक्का बसायचा तेव्हा बसतोच. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काही काळ ८ हजारांच्याही खाली आला. पुन्हा २१ हजार दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडावं लागलं. साठवणाऱ्याला हा काळ खरं तर स्वस्त खरेदीचा, पण नुकत्याच निवृत्त झालेल्याची तो परीक्षा घेतो. अलीकडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत पन्नाशी उलटलेले ७८,५६९ कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात घरी बसले. सेन्सेक्स तेव्हा ४० हजारांच्या वर होता. २३ मार्चला तो २५,९८१ वर बंद झाला आणि दोन दिवसांनी देश. हाती आलेल्या रकमेतला मोठा भाग ज्याने फेब्रुवारीत एकगठ्ठा शेअर बाजारात टाकला असेल आणि एप्रिलमध्ये घरखर्चासाठी तोच विकला असेल, त्याचं नुकसान पुढच्या तेजीनेही भरून आलं नसेल. ज्याने दोन-तीन वर्षांचा खर्च ठेवीत बाजूला काढला होता, त्याला थांबता आलं. कोकणातल्या घरात जून ते सप्टेंबरची बेगमी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. सुके बांगडे, सोलं, तांदूळ, फाटी सगळं मेअखेर माळ्यावर. पैशाची बेगमी तशीच करायची, फक्त चार महिन्यांऐवजी तीन वर्षांची.

सरकारी योजनांचं वय आणि आपलं वय जुळत नाही, हेही आधी समजून घ्यावं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला पंचावन्नपासून. ईपीएसचं निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कापून, आणि किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना एक हजारावर अडलेलं आहे. पीपीएफ पंधरा वर्षांचं. बेचाळीस ते साठ ही अठरा वर्षं स्वतःच्याच पुंजीवर काढायची असतात, सरकार मध्ये कुठे भेटत नाही.

आता साठवण्याच्या नादात डोकं जास्त तापलेल्यांबद्दल. आधी आंब्याचं उदाहरण. हापूसला निसर्गतः एक साल येतं, एक साल जातं. दर वर्षी मोहोर यावा म्हणून बागायतदार पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार हे वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन घालतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचीच ती शिफारस आहे, पण प्रमाणात, आणि खतपाणी वाढवून. हावरेपणाने मात्रा वाढवत गेलेल्या आणि खताला हात आखडलेल्या बागा थकलेल्या दिसतात, फुटवा आखूड होतो, झाड वर्षागणिक खालावतं. सत्तर टक्के पगार वाचवणारी काही तरुण जोडपी मला तशी वाटतात. मित्रांच्या लग्नांना जात नाहीत, दाताचं दुखणं पुढे ढकलतात, आईवडिलांना काशी-रामेश्वर दाखवायचं ते ‘नंतर’. यातलं दात आणि आईवडील नंतरपर्यंत थांबत नाहीत. खर्चाच्या यादीत काही बाबी अशा असाव्यात की ज्यांना हात लावायचाच नाही, आणि त्या दोघांनी मिळून आधी ठरवाव्यात. चतुर्थीला गावी जाणं ही त्यातली एक, निदान आमच्याकडे.

किती म्हणजे पुरे, याचं उत्तर याच मातीतल्या एका माणसाने कृतीने दिलं होतं. देवगड तालुक्यातल्या धालवलीत जन्मलेले विंदा करंदीकर काटकसरीने जगले आणि पुरस्कारांच्या मोठाल्या रकमा देऊन मोकळे झाले. सगळ्यांना ते जमणार नाही, जमावं असंही नाही. पण आपली गरज किती हे एकदा नक्की ठाऊक असलं की वरचा पैसा डोक्यात जात नाही, हे त्यांच्याकडे बघून पटतं.

मग प्रश्न उरतो तो जागेचा. मे महिन्यातल्या गावावरून आकडा काढला तर तो हमखास चुकतो. जुलैत येऊन राहिलं पाहिजे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली. सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी मेअखेर थांबते ती ऑगस्ट संपेपर्यंत, आणि स्कूबाचे तंबू गुंडाळलेले. वीज जाते ती कधी येईल याचा भरवसा नाही, आणि वीज गेली की मागोमाग मोबाइलची रेंज. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशी, कौलांतून एखादी तरी धार. हे सगळं ज्याला मनापासून आवडतं त्याने बिनघोर यावं. ज्याला दहाव्या दिवशी मुंबईची आठवण येते त्याने वर्षातले आठ महिने गावी, चार शहरात असा बेत करावा आणि त्या चार महिन्यांचं भाडं आकड्यात धरावं.

जुलैतच दवाखान्याचाही अंदाज येतो. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पडव्यालाही मोठं रुग्णालय आहे. तरी डोक्याला मार लागला, हृदयाचं काही झालं की अजून तोंडातून निघतं ते ‘बांबोळी’. मालवणहून गोव्याच्या त्या रुग्णालयापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर, मुसळधार पावसात, रात्रीचं. चाळिशीत हे अंतर काहीच वाटत नाही. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमाही सुटतो, म्हणून स्वतःचा विमा राजीनाम्याच्या निदान तीन-चार वर्षं आधी घ्यावा, म्हणजे जुन्या दुखण्यांची प्रतीक्षा नोकरीतच संपते.

जमिनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ज्याला भाऊबंद आहेत त्याला विस्तार नको आहे. ‘गावी आपलं घर आहे’ यातलं ‘आपलं’ म्हणजे सातबारावरची सतरा नावं. त्यांतली चार मुंबईत, दोन बडोद्याला, एक वारलेलं आणि वारस लागलेले नाहीत. न्हाणीघर बांधायचं तरी संमती. पुंजी जमवायच्या पंधरा वर्षांत वाटपाचं काम हाती घेतलं तर राजीनाम्यापर्यंत कदाचित उरकेल. आणि बागेचं उत्पन्न हिशेबात धरणाऱ्याने १६ मे २०२१ आठवावा. तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं आणि देवगड-मालवणच्या बागांत उरलासुरला आंबा एका दिवसात जमिनीवर आला.

हे सगळं पार पडून माणूस गावी आला, मग पुढे काय? चाकरमान्याला गाव दोन प्रश्न विचारतं. “कधी इलंस?” आणि लगेच, “कधी जातलंस?” दुसऱ्याला उत्तर नसलं की तिसरा प्रश्न तोंडावर कोणी विचारत नाही, पण तिठ्यावर त्याची चर्चा होते. पंचेचाळिशीचा धडधाकट माणूस दुपारी पडवीत दिसला की नोकरी गेली असणार, नाहीतर बायकोशी बिनसलं असणार. सहा महिने हे सोसायची तयारी हवी, त्यानंतर गावाला दुसरा विषय मिळतो.

त्याहून खोल असतं ते मोकळ्या वेळाचं दुखणं. ऑस्ट्रियात मारिएन्टाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर असूनही लोकांचं वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. रस्त्याने चालणारी माणसं घड्याळ लावून मोजली, तर पुरुष सावकाश चालत होते, मध्येच थांबत होते. नोकरी पगाराशिवाय आणखी काय काय देते, याची याहोदाने पुढे मांडणी केली: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांचं मिळून काही काम, समाजात एक जागा आणि हातांना नेमाने काहीतरी. मारिएन्टालच्या लोकांकडे पैसाही नव्हता, हा फरक मोठा. पण ही पाच कामं पैसा करत नाही. सिंधुदुर्गात त्यांची सोय शहरापेक्षा सहज होते: देवळाची कमिटी, भजनाचा बुवा, दशावताराचा मांड, शाळेला गणिताचा मास्तर कमी आहे, मालवणच्या नगर वाचन मंदिराला किंवा सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिराला माणूस हवाच असतो. मात्र यातलं काही राजीनाम्यानंतर सुरू होत नाही. ज्याने नोकरीत असताना दर चतुर्थीला मृदंगाची साथ केली, त्याला परतल्यावर मांडावर जागा असते.

सरावासाठी आमच्याकडे एक अजब गोष्ट आहे. आचऱ्याची गावपळण. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन झोपड्यांत राहतं. मुंबईचे लोक त्यासाठी रजा काढून येतात. मागे गावात चूल पेटत नाही. श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांकडे. मला त्यात दिसतं ते सामान. चार खोल्यांच्या घरातून तीन दिवसांसाठी काय बरोबर न्यायचं हे प्रत्येक घराला ठरवावं लागतं आणि दरवेळी बैलगाडीभर, नाहीतर टेम्पोभर सामानात काम भागतं. खर्चाचं अंदाजपत्रक करताना ज्यांना ‘याच्याशिवाय चालणारच नाही’ अशी यादी लांबत जाते, त्यांनी एकदा ती झोपडी पाहावी.

आणि शेवटचा मुद्दा, जो फायरच्या चर्चेत मला अजून नीट भेटलेला नाही. चाकरमानी ५८ व्या वर्षी निवृत्त व्हायचा, त्याची बायको कधीच व्हायची नाही. भात लावणी तिची, गुरं तिची, सासू-सासरे तिचे, आणि नवरा परतल्यावर त्याचा दोन वेळचा चहाही वाढायचा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती, दहा वर्षांपूर्वीच्या ८,६८,८२५ हून कमी. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. पुरुष जात राहिले आणि बाया गाव धरून राहिल्या, असा त्या आकड्यांचा अर्थ आहे.

आज जोडपी एकत्र परततात आणि बहुतेकांच्या बेतात एक होम-स्टे असतो. जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, त्यामुळे बेत अगदीच हवेतला नाही. दोन खोल्या, समजा खोलीमागे रात्रीला २ हजार भाडं. कागदावर वर्षाचे १४ लाख ६० हजार होतात आणि मे महिन्यातला माणूस तिथेच खूश होतो. पावसाचे चार महिने काढा, मधले वार काढा, परीक्षांचे दिवस काढा. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे धरून वर्षाला नव्वद रात्री भरल्या तर ३ लाख ६० हजार. त्यातून वीज, धुलाई, रंगरंगोटी, बुकिंगवाल्यांचं कमिशन. पाहुणे येतात ते मात्र ‘घरगुती मालवणी जेवणा’साठी. पहाटे बंदरावर जाऊन सुरमई आणायची, खोबरं वाटायचं, घावणे काढायचे, रात्री अकराला शेवटचं ताट उचलायचं. हे कोण करणार, असं मी अशा जोडप्यांना विचारतो तेव्हा नवरे बायकोकडे बघतात. दोघांनीही आयटीतली नोकरी सोडलेली असते. त्या एक्सेलमध्ये स्वयंपाकिणीचा बाजारभावाने पगार आणि हाताखालच्या बाईची मजुरी अशा दोन ओळी घाला, महिना धरून, आणि मग दोघांनी शेजारी बसून खालची बेरीज बघा.